कण्हेर आधी आत कोण नेणार

एटेल्काला गावातल्या कुणाचीच कण्हेर कधी पसंत पडली नाही. शाळेच्या बाईंची कण्हेर म्हणजे तिच्या मते बादलीत खोचलेला खराटा. टपालवाल्याच्या बायकोची कण्हेर ऐन उन्हाळ्यात पिवळी पडे, कारण ती हिवाळाभर तिला स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवी. "शेगडीजवळ बसून बसून ती स्वतः कुठं फुलली आहे, की झाड फुलेल?" असं एटेल्का म्हणायची, आणि तेही त्या बाईच्याच ओट्यावर बसून, तिचीच कॉफी पिताना.

समोरच्या घरातल्या व्हिल्माची कण्हेर मात्र फुलायची. हे एटेल्काही नाकारत नसे. पण रंग कसला, तर उकडलेल्या गाजराचा.

एटेल्काची स्वतःची कण्हेर दुहेरी पाकळ्यांची, गुलाबी, आणि वासाची. नवऱ्यानं, एर्नोनं, वाइनचं जुनं पिंप मधोमध कापून त्यात ती लावली होती. आता ती एर्नोच्या डोक्यावरून वर गेली होती. एर्नो वयानं खाली येत होता हा भाग वेगळा. फाटकाशेजारी ती उभी असली की रस्त्यानं जाणारा माणूस आधी तिच्याकडं बघे, मग घराकडं. घराकडं बघण्यासारखं काही नव्हतंच.

कण्हेरीला हिवाळ्याआधी थोडी थंडी लागावी लागते. त्यानं पानांखालची कीड मरते आणि लाकूड कणखर होतं. मग तिला तळघरात न्यायची, अंधारात गार ठेवायची, महिन्यातून पेलाभर पाणी द्यायचं आणि विसरून जायचं. एवढंच शहाणपण. पण या शहाणपणावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी एक खूळ बांधलं होतं. जी सगळ्यांत आधी कण्हेर आत नेई, ती त्या वर्षाची गारठी. मग डुक्कर कापायच्या दिवशी सॉसेज भरता भरता कुणीतरी तिला विचारी, "शाल आणू का गं?" नाताळच्या प्रार्थनेला तिच्यासाठी चर्चमधल्या हीटरजवळची जागा मुद्दाम मोकळी ठेवत. आणि जी सगळ्यांत शेवटी आत नेई, तिला कुणी बक्षीस देत नसे, पण वसंतापर्यंत तिची मान ताठ राही. एटेल्काची मान गेली कित्येक वर्षं ताठ होती. तिला त्याचं दुखणंही झालं होतं, पण ते ती हवेवर ढकलायची.

त्या वर्षी गोष्ट नुसत्या मानेची नव्हती. एटेल्काची नात बोर्का आणि व्हिल्माचा नातू गेर्गो यांचं लग्न जूनमध्ये ठरलं होतं. आमच्याकडं लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात डावीकडं नवरीच्या घरची कण्हेर ठेवतात आणि उजवीकडं नवरदेवाच्या घरची. दोन्ही फुललेल्या हव्यात. जूनचं फूल मागच्या वर्षीच्या शेंड्यांवर येतं. शेंडा गेला की त्या वर्षीचं फूल गेलं, मग कितीही खत घाला. म्हणजे झाड हिवाळ्यातून शेंड्यांसकट सुखरूप बाहेर यायला हवं होतं.

"तुझ्या डाव्या हाताला अशी उभी करीन," एटेल्का बोर्काला म्हणाली होती, "की लोक नवऱ्याकडं बघायचे नाहीत."

"बघू देत की थोडं, आजी," बोर्का म्हणाली.

"त्यांच्यातला मुलगा आहे. बघण्यासारखं काय असणार."

बोर्का हसली, पण नंतर तिनं आजीचा हात धरून हळूच सांगितलं, की तिला खरंच ती गुलाबी कण्हेर दारात हवी आहे. तिच्या आईच्या लग्नात तीच होती, आणि आईच्या लग्नातलं दुसरं काहीच उरलं नव्हतं. बाप कधीचाच निघून गेला होता आणि आई देवाघरी. एटेल्कानं नाक ओढलं आणि म्हणाली, "मिळेल."

ऑक्टोबर संपत आला तशा एकेक कण्हेरी फाटकांवरून नाहीशा झाल्या. शाळेच्या बाई त्या वर्षीच्या गारठ्या ठरल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या मृतांच्या सणापर्यंत गल्लीत दोनच उरल्या, गुलाबी आणि गाजरी, समोरासमोर.

सणाच्या दुपारी सगळं गाव दफनभूमीत शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन गेलं. एटेल्कानं लेकीच्या थडग्यावरची पानं झाडली. तेवढ्यात व्हिल्मा तिच्या नवऱ्याच्या थडग्यावर एक मेणबत्ती टेकवून निघालेली दिसली.

"इतक्यात?" एटेल्कानं विचारलं.

"गुडघा गं."

"तो बिचारा जन्मभर तुझी वाट बघत बसला, आता मेल्यावरही तेच."

"त्याला सवय आहे," व्हिल्मा म्हणाली आणि लंगडत गेली. एटेल्काला वाटलं, लंगडते तर जरा नेटकं तरी लंगडावं.

त्यानंतर आठवडाभर आभाळ राखाडी राहिलं, आणि मग एका सकाळी एकदम निळं झालं. असं निळं आभाळ नोव्हेंबरात आलं की म्हातारी माणसं खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबायला घेतात, कारण निरभ्र रात्र म्हणजे कडाक्याचा गारठा. दुपारी गेर्गो सायकलवरून आला. सायकल कुंपणाला टेकवून तो पिंपाभोवती एक चक्कर मारून आला.

"आजी, मी आणि माझा मित्र मोकळे आहोत. आत नेऊ का?"

"तुझ्या आजीची नेलीस?"

गेर्गो बुटांकडं बघत राहिला. "ती तिचं बघेल."

"मग मी माझं बघते."

"रेडिओवर उणे नऊ म्हणतायत आज."

"रेडिओच्या घरी कण्हेर आहे का?"

"आजी, लग्नाला हवी ना ती."

"म्हणूनच सांगते. तिला थंडी माहीत आहे. तू लहानपणी मफलर गुंडाळून शाळेत जायचास, तुला काय माहीत असणार?"

गेर्गोनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग सायकल घेऊन निघून गेला. एटेल्काच्या मते त्या घराण्यात सगळेच असे. बोलायला लागले की थांबत नाहीत आणि बोलायची वेळ आली की बुटांकडं बघतात.

एर्नो दारात उभा राहून ऐकत होता. "त्याला नेऊ द्यायचं होतंस. मला आता ते पिंप हलत नाही."

"समोर बघ."

समोर व्हिल्माच्या फाटकाशी गाजरी कण्हेर उभी होती. हिरवी, गच्च.

"ती मूर्ख आहे," एर्नो म्हणाला.

"बरोबर. आणि मी मूर्खाच्या आधी आत जाऊ?"

"तू नाही गं, झाड जायचंय."

 संध्याकाळ होता होता एटेल्का स्वतःच परसातून चार पोती घेऊन आली आणि पिंपाला गुंडाळू लागली, फक्त घराच्या बाजूनं. रस्त्याच्या बाजूनं तिनं पिंप उघडंच ठेवलं. एर्नोनं वर गोधडी टाकू का विचारलं, तेव्हा ती म्हणाली, गोधडी पांघरलेली कण्हेर दिसली तर शाळेच्या बाईंना आनंदानं झोप लागायची नाही.

पलीकडून व्हिल्मा कचऱ्याची बादली घेऊन आली.

"गार पडतंय गं," तिनं हाक दिली.

"मला नाही वाटत," एटेल्का म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं.

"मलाही नाही. सहज म्हटलं."

"तुझी ठेवणार बाहेर?"

"तुझी असेल तोवर."

दोघींनी स्वेटरच्या बाह्यांत हात खुपसले. मग दोघी आत गेल्या, आणि दोघींनी पडदा किंचित सरकवून ठेवला.

सकाळी रस्ता पांढरा होता. एटेल्का चपला न बदलता बाहेर आली. गुलाबी कण्हेरीची पानं फांद्यांना चिकटून सरळ खाली लोंबत होती, शिजवलेल्या पालेभाजीसारखी काळपट. तिनं एक पान बोटांत धरलं. ते बोटांतच मऊ झालं. शेंड्यांवरचे पुढच्या वर्षीसाठी तयार झालेले बारीक कळे तिनं चाचपून बघितले. त्यांत काही उरलं नव्हतं.

मग तिनं समोर बघितलं. व्हिल्माचीही तशीच लोंबत होती. आणि खरं सांगायचं तर एटेल्काला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. दोन्ही गेल्या. चर्चच्या दारात दोन्हीकडं काही नाही. बरोबरी.

"एर्नो," ती म्हणाली, "चल, तिची तरी आत नेऊ. तिच्याच्यानं काय होणार आहे."

तिच्या आवाजात एवढी दया एर्नोनं लग्नानंतर ऐकली नव्हती. तो तिच्यामागं निघाला. व्हिल्माच्या फाटकाशी त्यानं पाय रोवले, कंबर सांभाळली, टबाच्या दोन्ही कड्या धरल्या आणि सगळा जोर लावून उचललं. टब त्याच्या छातीपर्यंत आला आणि एर्नो दोन पावलं मागं जाऊन कुंपणावर आदळला. टब आडवा झाला. त्यातून पेंढा, ओली वाळू आणि कापलेल्या फांद्या रस्त्यावर पसरल्या. एकाही फांदीला मूळ नव्हतं.

व्हिल्मा एप्रनला हात पुसत दारात आली. एकदा तिनं एर्नोकडं बघितलं, एकदा फांद्यांकडं.

"लागलं का तुला?" तिनं विचारलं.

"नाही," एर्नो म्हणाला. "हलकी आहे."

"कधी नेलीस?" एटेल्कानं विचारलं.

"सणाच्या दुपारी. तुम्ही सगळे दफनभूमीत होतात तेव्हा."

"गेर्गोनं उचलली."

"मग काय माझ्या गुडघ्यानं उचलली?"

"आणि या फांद्या?"

"परसातल्या जुन्या कण्हेरीच्या झुडपाच्या, टबही त्याचाच. ते तसंही उपटायचं होतं."

"काल तो माझ्या दारात उभा होता आणि बोलला नाही."

"मी शपथ घातली होती." व्हिल्मानं एप्रनचं टोक चुरगळलं. "मला वाटलं तू नेशील गं. काल रेडिओ ऐकून कोण ठेवेल? रात्री तू नेली असतीस, तर मी सकाळी पडदा उघडून हसले असते. एवढंच. वीस वर्षं तू हसतेस, मला एकदा हसायचं होतं."

"मग हस."

व्हिल्मा हसली नाही. एटेल्का वाकून एक फांदी उचलून बघत राहिली. कापणी तिरकी आणि स्वच्छ होती. वाळूत घट्ट रोवलेली, रस्त्यावरून कळणारही नाही अशी. चांगलं काम होतं. व्हिल्माच्या हातून असं काही होईल हे तिला कधी खरं वाटलं नसतं, आणि याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला.

पिंप तळघरात गेलं. गेर्गो आणि मित्रानं नेलं, आणि गेर्गो पूर्ण वेळ बुटांकडंच बघत होता. मार्चमध्ये एटेल्का खुरपं घेऊन खाली उतरली आणि नखानं साल खरवडत वरून खाली आली. तपकिरी, तपकिरी, तपकिरी. गुडघ्याच्या उंचीवर हिरवं लागलं. तिनं करवत घेतली आणि तिथून सगळं कापून टाकलं. दोन उन्हाळे तरी फूल नाही. दोन उन्हाळे म्हणजे तिच्या वयात काय, हे तिनं एर्नोला म्हटलं नाही.

मे महिन्यात व्हिल्मा आली. "माझ्याकडं कण्हेरीचा दुसरा टब आहे, लहान. तो डावीकडं ठेव. कुणाला कळणार नाही."

"गावात दोन गाजरं बघून सगळ्यांना कळेल."

"बोर्कासाठी म्हणते."

"बोर्कासाठीच नको म्हणते. तिला ही हवी होती. हीच ठेवणार."

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात उजवीकडं व्हिल्माची कण्हेर छत्रीसारखी पसरली होती, फुलांनी लगडलेली. डावीकडं मोठ्या पिंपात गुडघाभर खुंट, आणि खुंटांवर बोटभर कोवळी पानं. बोर्का गाडीतून उतरली, त्या खुंटांसमोर थांबली, वाकून एका पानाला हात लावला आणि मग आत गेली. त्यानंतर दारात बायका जमल्या. शाळेच्या बाई पुढं झाल्या.

"अगं एटेल्का, हे काय झालं तुझ्या कण्हेरीचं?"

एटेल्कानं हनुवटी वर केली. "छाटली. म्हातारी झाली होती."

"लग्नाच्या वर्षी?"

तेवढ्यात व्हिल्मा पुढं आली. "मीच म्हटलं तिला छाट म्हणून. जुन्या लाकडाला छाटावंच लागतं. खरं तर चूक माझीच." आणि तिनं एटेल्काच्या पाठीवर हात ठेवला, जसा आजारी माणसाच्या पाठीवर ठेवतात.

एटेल्काला खोटं बोलायला काहीच वाटलं नव्हतं. पण तो हात तिला सहन झाला नाही. व्हिल्मानं तिला वाचवायचं, आणि मग जन्मभर तिनं समोरच्या खिडकीकडं बघत त्या उपकाराखाली राहायचं. त्यापेक्षा गारठी होणं बरं.

"खोटं बोलते ही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हिनं टबात पेंढा भरून काड्या खोचल्या आणि मी आठवडाभर त्या काड्यांशी शर्यत लावत बसले. माझी थंडीनं मेली, हिची तळघरात मजेत होती. एर्नो तो टब उचलताना कुंपणावर पडला."

 आधी टपालवाल्याची बायको तोंडावर रुमाल धरून हसू लागली, आणि पाठोपाठ सगळ्याच. शाळेच्या बाई तर पिंपाचा आधार घेऊन हसल्या.

"काड्यांशी," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "काड्यांशी गं."

"हसा," एटेल्का म्हणाली. "तुमचा खराटा तर काड्यांशीही हरला असता."

व्हिल्मा लाल झाली होती. "तुला गप्प राहता आलं असतं की, विहीणबाई," ती हळू आवाजात म्हणाली.

"तुझ्यासारखी?" एटेल्का म्हणाली आणि पायऱ्या चढून आत गेली. पहिल्या बाकावर ती अगदी मधोमध बसली. थोड्या वेळानं व्हिल्मा येऊन तिच्याजवळ उभी राहिली. नवरदेवाच्या माणसांचं बाक पलीकडं होतं.

"सरक," व्हिल्मा म्हणाली. "तिकडं वारा लागतो."

एटेल्कानं तिच्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, लग्नासाठी घेतलेल्या त्या गाजरी रंगाच्या ड्रेसपर्यंत. मग ती सरकली, जेवढं सरकावं लागतं त्याहून बोटभर कमी.