जोडवी

बंडूजी कंपाउंडर रोग्याच्या तोंडाकडे पाहायचाच नाही, पायाकडे पाहायचा. त्यात त्याचं चुकत होतं असंही नाही. अल्लीपूरच्या पलीकडच्या त्या खेड्यात सासऱ्यासमोर सुनेनं कण्हणं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगणं. चेहरा पदराआड, हुंकार दाताखाली. पण पोट दाबलं की पायाची बोटं आखडतात, ती कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. गावच्या दवाखान्यात डॉक्टर यायचे मंगळवारी. बाकीचे सहा दिवस कुणाला हिंगणघाटच्या मोठ्या दवाखान्यात धाडायचं, हे बंडूजी त्या बोटांवरून ठरवायचा. वीस वर्षांत तो चुकला नव्हता, आणि हे चारचौघांत सांगायलाही चुकत नव्हता.

त्रेपन्न सालच्या आश्विनात बापूरावांनी सुनेला बैलबंडीतून आणलं. पंचफुला, विशीतली, तीन दिवसांपासून उजव्या कुशीत दुखत होतं. सोबत सासू तानाबाई, तिच्या मांडीवर पंचफुलाचं तान्हं. बाहेर हिंगणघाटची मोटार भरत होती. दिवसाची तेवढी एकच.

"घरी काही दवा देल्ली का?" बंडूजीनं विचारलं.

"नाई जी," तानाबाई म्हणाली.

त्यानं पोट दाबलं, उजवीकडे, खोल. बोटं हलली नाहीत. पुन्हा दाबलं. जोडवी घातलेली ती बोटं निवांत पडून होती.

"वायू धरला असन. मिक्श्चर देतो, घरी न्या."

बापूरावांचा जीव भांड्यात पडला. मोटार भोंगा वाजवून निघून गेली.

बाटलीला बूच लावताना त्याला खिडकीतून बंडी दिसली. तान्हं रडत होतं. तानाबाईनं कनवटीची डबी काढली, नखावर काळा कण घेतला आणि पोराच्या जिभेला लावला. अफू. शेतात निंदायला जाणाऱ्या बाया लेकरांना झोपवायला देतातच, बंडूजीनं ते हजारदा पाहिलं होतं. आज मात्र त्याच्या हातातलं बूच गळून पडलं.

तो अनवाणीच धावला. पंचफुलाचा पदर बाजूला केला. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"तानाबाई, सुनेलेबी देल्ली?"

"देल्ली न. सकाळपासून तीनदा. तिचे मामंजी समोर बसून राह्यले, कण्हन कशी ते?"

"मंग मी इचारलं तवा नाई काऊन म्हटलं?"

"तुमी दवा इचारली. अफू काय दवा होय?"

बंडूजीला स्वतःचीच चीड आली. वीस वर्षं बोटं वाचली, पण बोटांनाही कुणी निजवू शकतं हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं पोटावर हात ठेवला. मघाचं मऊ पोट आता फळीसारखं ताठ होतं; म्हणजे आत काहीतरी फुटलं होतं.

"कसं वाटते, पोरी?"

"आता बिलकुल नाई दुखून राह्यलं," ती हळूच म्हणाली.

"आराम पडला न," बापूराव म्हणाले. "चाला घरी."

"घरी नाई, हिंगणघाट. अन् तुमी खाली उतरा, मागून पायी या." बंडूजीनं त्यांच्या हातातला कासरा घेतला. "पोरी, सासरा नाई आता बंडीत. दुखलं का ओरडजो."

सहा कोस त्यानं बैल हाणले. चाक खड्ड्यात गेलं की त्याचे कान मागे लागायचे. हिनं एकदा तरी ओरडावं, एवढंच तो देवाकडे मागत होता. तान्हं झोपलं होतं. मागून आवाज येत होता तो फक्त जोडव्यांचा, दर हिसक्याला फळीवर आपटणाऱ्या.