लिंडन रस्ता कुंपणावर

फ्लॉरेन्स माटुशाकला माणसं आकड्यांनी ओळखायची सवय लागली होती. पक्षाचं कामच तसं. दारावर टकटक करायची, यंदा राष्ट्राध्यक्ष म्हणून कोणाला मत देणार असं गोड आवाजात विचारायचं आणि उत्तर ऐकून कागदावर आकडा टाकायचा. आपला पक्का माणूस म्हणजे एक. पलीकडच्या पक्षाचा पक्का म्हणजे पाच. ज्याचं काहीच ठरलेलं नाही तो तीन. दोन आणि चार म्हणजे नुसते लाजाळू लोक, त्यांच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही.

सरोवराकाठच्या ईरी शहराच्या पूर्वेकडचा लिंडन रस्ता चौतीस वर्षं तिच्याकडे होता. घरं चव्वेचाळीस. ओतकामाचा कारखाना चालू होता तेव्हा या रस्त्यावर सगळे एकच होते, आणि तो बंद पडून अकरा वर्षं झाली तरी फ्लॉरेन्सच्या कागदावर ते एकच होते. अपवाद कोपऱ्यावरच्या हार्लनचा. तो पाच होता, आणि तिच्याकडे बघून कधीच हसायचा नाही. मागच्या निवडणुकीत तिचा अंदाज अवघ्या दोन मतांनी चुकला होता. ती दोन मतं कोणाची, याचा विचार करत तिनं अख्खा हिवाळा घालवला होता.

त्यामुळे ऑक्टोबरात पक्षाच्या कचेरीतून मिस टॅल्बटचा फोन आला तेव्हा तिला वाटलं, बाई दुसऱ्याच कुठल्यातरी रस्त्याविषयी बोलतेय.

"मिसेस माटुशाक, तुमच्या रस्त्यानं आम्हाला घाम फोडलाय," मिस टॅल्बट म्हणाली. ती राजधानीहून आलेली, चाळिशीची, सतत तीन फोनांवर असणारी बाई होती. "एक्केचाळीस तीन! चव्वेचाळीस घरांत एक्केचाळीस! अख्खा रस्ता कुंपणावर बसलाय. ऑगस्टपासून दर शनिवारी माणसं पाठवतेय मी तिकडे, आता दुप्पट पाठवणार आहे."

"लिंडन रस्ता?" फ्लॉरेन्स म्हणाली. "आमचा?"

"तुमचाच."

फ्लॉरेन्सचे गुडघे यंदा दुखत होते, म्हणून उन्हाळ्यापासून दारोदारचं काम बाहेरगावच्या स्वयंसेवकांनी केलं होतं. तेवढ्यात रस्ता हातचा गेला? तिला रात्रभर झोप लागली नाही. आपलंच माणूस आपल्याला न सांगता परकं व्हावं, तसं काहीतरी छातीत दुखत राहिलं.

शनिवारी दुपारी ती स्वतःच बाहेर पडली. सरोवरावरून धुकं आलं होतं. ईरीचं धुकं घाईनं येत नाही. आधी टोकाचं चर्च जातं, मग झाडं, मग समोरचं घर, आणि शेवटी आपलेच बूट तेवढे उरतात. त्या पांढऱ्या मऊपणात रस्ताभर आवाज तरंगत होते. कपबश्यांचे, खुर्च्या ओढल्याचे, कोणीतरी खदखदून हसल्याचे. कारखाना चालू असताना शनिवारची दुपार अशीच असायची. फ्लॉरेन्सला क्षणभर खरंच वाटलं, की आता भोंगा होईल आणि पुरुषमंडळी डबे हलवत या धुक्यातून घरी येतील. ती चक्क थांबून राहिली. भोंगा अर्थातच झाला नाही.

पहिलं घर यूजीन ग्रॅबोव्स्कीचं. जीन एकटा होता, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. व्हरांड्यात टेबल मांडलेलं, त्यावर खसखशीचा गुंडाळलेला केक, आणि पक्षाचे बिल्ले लावलेल्या दोन बायका तोंड भरून तो खात होत्या. जीन त्यांना भट्टी कशी पेटवायची ते हातवारे करून सांगत होता. एकीनं तर डोळे मिटून घेतले होते, जणू तिला ती भट्टी दिसत होती. त्या निरोप घेऊन धुक्यात विरून गेल्यावर फ्लॉरेन्स पायऱ्या चढली.

"जीन, खरं सांग. तू कितीतला?"

"तीन," जीन म्हणाला.

"जीन!"

"अगं एक! जन्मापासून एक. माझा आजा पोलंडहून आला तो बोटीतूनच एक होऊन उतरला. पण तसं सांगितलं की काय होतं ठाऊक आहे? 'धन्यवाद' म्हणतात आणि पळतात. अर्ध्या मिनिटात! ऑगस्टात मी सांगितलं एक, आणि शेजारची मेबल म्हणाली, माझं अजून नक्की नाही. तिच्याकडे पाऊण तास बसले. पाऊण तास, फ्लॉसी! तिचे अल्बमसुद्धा बघितले."

"म्हणून तू खोटं बोललास?"

"मीच कशाला, सगळेच. शुक्रवारी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये मासे खायला जमलो तेव्हा मेबलनंच शिकवलं सगळ्यांना. म्हणाली, चेहरा जरा चिंतेत ठेवा, आणि निघताना म्हणा, विचार करतो, पुढच्या शनिवारी या." त्यानं केकचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "तू लिहून टाक काय लिहायचं ते. पण तीनच लिहिलंस तर बरं होईल."

फ्लॉरेन्सला हसावं की रडावं कळेना. ती हसलीच. जीव भांड्यात पडला होता. रस्ता गेला नव्हता, नुसता सोंग करत होता.

मग ती दारामागून दार घेत गेली. धुक्यातून एकेक व्हरांडा बोटीसारखा समोर यायचा. त्यावर कोणीतरी बसलेलं असायचं, आणि तिला पाहिल्यावर चोरी पकडल्यासारखं लाजायचं. "एकच गं, पण कोणाला सांगू नकोस." मेबल तर म्हणाली, "मी एक आहे, पण मला तीनसारखंच वागवा, तेवढीच करमणूक." हार्लननंदेखील दार किलकिलं करून विचारलं, "पाचांकडे कोणी बसत नाही का?" फ्लॉरेन्स चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे पाच मिनिटं टेकली. आवाज फार बरा होता त्याचा.

वांडाच्या घराशी ती थांबलीच नाही. वांडा तिची नणंद. कारखान्यात बावीस वर्षं साचे भरलेली, संपात पोलिसांच्या घोड्यापुढे उभी राहिलेली. चालता चालताच फ्लॉरेन्सनं तिच्या नावापुढे एक टाकला.

"काय लिहिलंस मला?" धुक्यातून आवाज आला.

वांडा अंगणात गुडघ्यांवर बसून ट्यूलिपचे कांदे पुरत होती. दोन पावलांवर असूनही दिसली नव्हती.

"एक. आणखी काय लिहिणार?"

"विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? तू घरची."

"म्हणूनच," वांडा म्हणाली. "विचार."

फ्लॉरेन्सनं मोठा उसासा सोडला आणि बाहेरगावच्या पाहुणीचा आवाज काढला. "नमस्कार वांडाबाई, राष्ट्राध्यक्षपदासाठी यंदा आपण कोणाला मत देणार?"

"माहीत नाही."

"वांडा, पुरे. सगळा रस्ता तेच नाटक करतोय. केक तरी केलायस का?"

"केक नाही केला. नाटकही नाही." वांडानं हातातला कांदा खड्ड्यात नीट उभा केला. "खरंच माहीत नाही, फ्लॉसी. बहुतेक जाणारच नाही मी."

फ्लॉरेन्सनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वांडा थट्टा करते तेव्हा तिची डावी भुवई वर जाते. ती आत्ता होती तिथेच होती.

"पण ते निवडून आले तर—"

"बघ! हेच. चार वर्षांपूर्वी म्हणालात, या खेपेला फक्त त्यांना अडवा, मग आपलं बघू. त्याच्या आधी तेच. मी अडवलं. दोनदा अडवलं. मी काय फाटक आहे?" तिनं माती थोपटली. "आणि जाहिरातीत कोण बसवलंय यंदा? पलीकडून रुसून आलेले शेठ लोक. त्यांच्यासाठी पायघड्या. उपनगरातल्या बायकांसाठी सभा. आमच्यासाठी काय? आम्ही घरातलं कपाट. कुठे जाणार आहे कपाट?"

फ्लॉरेन्सच्या हातातल्या कागद लावायच्या फळीवर, तीन नंबरच्या माणसांशी काय बोलायचं ते छापलेला कागद होता. तिची नजर आपोआप त्याच्यावर गेली. "तुमची नाराजी मी समजू शकते," ती म्हणाली, "आणि म्हणूनच या निर्णायक वेळी—"

"वाचून बोलतेस?" वांडा हळूच म्हणाली. "माझ्याशी?"

फ्लॉरेन्सचा चेहरा तापला. तिनं एक खोडून तीन केला आणि ती निघाली. मागे वळून पाहिलं तेव्हा वांडा नव्हती, अंगण नव्हतं, खुरपं मातीत जाण्याचा आवाज तेवढा येत होता.

पुढे काय करायचं हा प्रश्न तिला दोन दिवस पुरला. खोटे तीन तसेच ठेवले तर शनिवारचे पाहुणे येत राहतील. पण मग जिथे खरे तीन आहेत तिथे कोणी जाणार नाही, आणि हे राज्य थोड्या मतांनी हातचं जाऊ शकतं. चौतीस वर्षांत तिनं एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. सोमवारी तिनं कचेरीत खरा कागद नेऊन दिला.

मिस टॅल्बटनं तो वाचून खुर्चीत पाठ टेकली. "म्हणजे सगळे आपलेच! वाचवलंत तुम्ही आम्हाला. सगळी माणसं उपनगराकडे वळवते आजच."

"ते एकटे आहेत," फ्लॉरेन्स म्हणाली. "कोणीतरी जात राहिलं तर बरं पडेल."

"मिसेस माटुशाक, आपण मतं मागायला जातो, गप्पा मारायला नाही. आणि हा एक तीन?"

"माझी नणंद."

"मग तुम्हीच बघा. एका मतासाठी गाडी पाठवणं नाही जमायचं." तिसरा फोन वाजत होता. तिनं तो उचलला.

निवडणुकीच्या आधीचा शेवटचा शनिवार. पुन्हा धुकं, पण या वेळी त्याच्या आत काहीच नव्हतं. फ्लॉरेन्स रस्त्यानं चालली तेव्हा तिच्या काठीचाच आवाज तिला परत ऐकू येत होता. जीन व्हरांड्यात बसला होता. शर्टाला इस्त्री केलेली. टेबलावर केक, सहा तुकडे कापलेले, सहाच्या सहा तसेच.

"नाही येत वाटतं आज," तो म्हणाला.

"नाही येणार, जीन. मी खरं लिहिलं."

"तेच करायला हवं होतं. चूक आमचीच." त्यानं केकवर फडकं घातलं. "मत देईन मी, काळजी करू नकोस. आम्ही कुठे जातोय."

तो रागावला असता तर फ्लॉरेन्सला सोपं गेलं असतं. ती त्याच्याजवळ टेकली, फडकं बाजूला करून तिनं दोन तुकडे खाल्ले आणि भट्टी कशी पेटवायची ते पुन्हा ऐकून घेतलं. पण तिला लाज वाटत होती, आणि ती लाज केकबरोबर गिळता येत नव्हती. निघताना तिनं हातातली फळी जीनच्याच टेबलावर ठेवली. "राहू दे इथे," म्हणाली.

वांडा व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर होती. मांडीवर घोंगडी, हातात गार झालेली कॉफी.

"आलीस? समजवायला?"

"नाही. विचारायला."

"विचारलंस की त्या दिवशी."

"त्या दिवशी कागदानं विचारलं." फ्लॉरेन्स पायरीवरच उभी राहिली. "तुला काय हवंय, वांडा? कोणाला मत देणार ते नाही विचारत. हवंय काय?"

वांडानं कॉफीचा कप खाली ठेवला. "रविवारची बस," ती म्हणाली. "बंद झाल्यापासून स्टॅनच्या थडग्यावर जाता येत नाही. दवाखाना परत हवा. आणि कारखान्याच्या जागेचं काय करणार ते कोणीतरी एकदा सांगावं. वाईट असलं तरी चालेल, पण आम्हाला सांगावं." तिनं मान वळवली. "आणि तुला?"

"मला?"

"तुला कोणी विचारलंय कधी?"

फ्लॉरेन्सला पक्षाची यादी आठवली. ती छापून यायची तीच सगळ्यात वर तिचं नाव घेऊन, पुढे आकडा आधीच टाकलेला. चौतीस वर्षं ती दुसऱ्यांच्या दारात उभी होती, आणि तिच्या दारात कोणी आलं नव्हतं. कशाला येतील? तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पक्षाचं जे जे तिला पाठ होतं ते सगळं ओठांशी आलं आणि एकही शब्द तिचा निघाला नाही. डोळे मात्र भरून आले. स्टॅन म्हणजे वांडाचा भाऊ, फ्लॉरेन्सचा नवरा. त्या रविवारच्या बसनं आधी तीच जायची, आणि बस बंद झाली तेव्हा तिनं कोणाकडे तक्रारसुद्धा केली नव्हती. निवडणुकीचं वर्ष होतं, पक्षाची अडचण नको म्हणून.

"मला सांगता येत नाहीये," ती म्हणाली.

वांडानं हे ऐकून जिंकल्यासारखं काही केलं नाही. ती झोपाळ्यावर एका बाजूला सरली आणि घोंगडीचं टोक उचलून धरलं. फ्लॉरेन्स आत शिरली. दोघी म्हाताऱ्या हळूहळू झोके घेत राहिल्या, आणि रस्ता कधी दिसायचा, कधी नाही. फ्लॉरेन्सनं बसपासून सुरुवात केली. मग गुडघे. मग हे, की तिला सभांमधल्या त्या टाळ्यांचा वीट आलाय. मग असं बरंच काही, जे तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. वांडा मध्ये एकदाही बोलली नाही. बोलणं संपेपर्यंत धुकं राखाडी झालं होतं आणि दोघींचे पाय गारठले होते.

"मंगळवारी मतदानाला दहाला तयार राहा," वांडा उठता उठता म्हणाली. "एकत्र जाऊ."

"कोणाला देणार?"

"माहीत नाही. तुला?"

"मलाही नाही," फ्लॉरेन्स म्हणाली.

"मग लवकर निघू. नऊला. वाटेत बोलता येईल."