वेशीत अडलेला विजयस्तंभ

ट्रॅक्टर वेशीच्या कमानीपाशी थांबला. मच्छिंद्रने ट्रॉलीवरच्या विजयस्तंभाचं टोक पाहिलं, मग कमान पाहिली. स्तंभ सहा इंच जास्त उंच होता.

दौंडच्या यार्डात वॅगनमधला माल ठरल्या उंचीच्या वर गेलाय का, हे बघण्यात त्याची चौतीस वर्षं गेली होती. कमानीवर रंगवलेलं होतं, ‘उंची १४ फूट’. रेल्वेचा माणूस लिहिलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. पण आकडा रंगवल्यानंतर त्याच कमानीखालच्या रस्त्यावर दोनदा काँक्रीटचा थर चढला होता. रोज तिथूनच दूध आणायला जाऊनही हे या शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

भीमा कोरेगावच्या स्तंभाला तो दर एक जानेवारीला सलामी देऊन यायचा. यंदा जयंतीच्या मिरवणुकीसाठी त्याने पत्रा आणि प्लायवूडचा तसाच स्तंभ केला. लढाईत पडलेल्या शिपायांची नावं चौथऱ्यावर स्वतः रंगवली. त्यात दोन महिने गेले. बायको जाईबाई म्हणायची, माणूस रिटायर झाला पण यार्ड काही सुटलं नाही. मिरवणूक आजवर ओढ्याकडून वळसा घालून जायची. वेशीतून जायची ही पहिलीच वेळ होती.

पारावरून हौसराव उठून आले. माजी सरपंच, माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं काम सोपं करून सांगायची त्यांना भारी हौस.

“आडवा कर की, मच्छिंद्र. दोन मिनिटाचं काम हाय. पल्याड गेला की पुन्हा उभा.”

वस्तीतल्या दोघाचौघांनाही ते पटलं. कुणी म्हणालं, शेंडा कापू. चूक आपलीच आहे, हे मच्छिंद्रला कळत होतं.

“आप्पा, माझा बाप ह्या वेशीतनं पायताण हातात घिऊन, मान खाली घालून जायचा,” तो शेवटी हौसरावांना म्हणाला. “त्यो वाकला तेवढं लई झालं. ह्यो आडवा व्हणार न्हाई.”

आणि त्याने गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून कटर मागवला.

चौथरा ट्रॉलीला त्याने स्वतःच वेल्ड केला होता. रेल्वेचं काम, हलायचं नाव नको. आता त्याने नावांच्या ओळींमधूनच कटर चालवला. ठिणग्या उडाल्या, रंग करपला. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

चौथऱ्यापासून सुटलेल्या स्तंभाला बुडापासून हातभर वर आडवे बांबू बांधले; ट्रॉली आणि चौथरा मागे राहिला की खांद्यावरचा स्तंभ कमानीखाली बसणार होता. उभा स्तंभ खांद्यावर घ्यायचा म्हणजे पोरखेळ नव्हता. जो तो दुसऱ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात जाईबाईने पदर खोचला आणि पहिल्या बांबूला खांदा लावला. बायांनी मागं राहावं, असं कुणीतरी पुटपुटलं.

“नावं रंगवताना डबा कुणी धरला व्हता?” ती म्हणाली. “उचला आता.”

सोळा जणांनी उचलला. स्तंभ डुगडुगला, सावरला. ढोल थांबले होते, पारावरची माणसंही उठून उभी राहिली होती. जन्मभर वर बघून माप घेणारा मच्छिंद्र त्या दहा पावलांत फक्त पायांकडे बघत होता. टोक तुळईखालून तीन बोटांनी निसटलं. पल्याड गेल्यावर स्तंभ खाली ठेवायला कुणी तयार होईना. मिरवणूक तशीच, खांद्यावरून, शाळेपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसराव दुधाला निघाले, तर मच्छिंद्र कमानीला शिडी लावून चढलेला. खाली जाईबाई रंगाचा डबा धरून उभी होती. जुना आकडा खोडून त्याने यार्डातल्या पिवळ्या रंगात ठळक लिहिलं होतं, ‘उंची १३ फूट ३ इंच’.

“कुणाला इचारून लिहिलं?” हौसरावांनी विचारलं.

मच्छिंद्रने खिशातला टेप काढला आणि शिडीवरूनच त्याचं टोक त्यांच्या हातात सोडलं.

“धरा आप्पा,” तो म्हणाला, “तुम्हीच मोजा.”