पाट्यावरची चोरी

दर्शनाने चोरी केली तीही सख्ख्या आईच्या पाट्यावर, आणि वर चमचा धुऊन जागेवर ठेवला. जनीबायच्या हे काही केल्या पचनी पडेना.

त्या घरचं काविळीचं औषध सासूकडून सुनेकडे जायचं. औषधाची मुळी लेकीला दाखवायची नाही; लेक परक्या घरी जाणार, तिच्याबरोबर औषधही जाणार. दर्शना पंचेचाळिशीला आली तरी कुठल्या घरी गेली नव्हती. पुण्याच्या प्रयोगशाळेत लिव्हरच्या पेशी बघत तिची वीस वर्षं गेली. "माणसाचं काळीज बघितलं असतं तर निदान लग्न तरी झालं असतं," असं जनीबाय वाडीत सांगायची. पण नियम तो नियम. मुळी कुठली, हे तिने लेकीला सांगितलं नाही.

म्हणून दिवाळीला आलेल्या दर्शनाने पाट्यावर वाटून उरलेलं चमच्याने खरवडलं, बर्फाच्या डब्यात घातलं आणि पुण्याला नेलं. शिमग्याला ती निकाल घेऊन आली.

"आये, तुझ्या औषधाने पेशी मरतात."

"कोणाच्या?"

"माणसाच्या लिव्हरच्या. बशीत वाढवलेल्या."

"बशीतल्या कोणाला मी आजवर औषध दिलेलं नाय."

दर्शना ओटीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यातलीच एक घडी हातात धरून ती म्हणाली, "पेशीत प्रथिनांच्या अशाच घड्या पडतात. काम वाढलं की ढीग साचतो. पेशी आधी नवं काम घेणं बंद करते, मदत मागते. तरी ढीग हटला नाही तर स्वतःला संपवते. माझी वीस वर्षं ह्याच्यात गेली."

"सुनांचं असंच असतं. त्याला वीस वर्षं कशाला?"

"तुझी मुळी तो ढीग वाढवते."

"मग एवढी माणसं बरी झाली ती?"

"पथ्याने. तेल नाही, दारू नाही, पडून राहायचं, पेज प्यायची. साधी कावीळ बहुतेक आपोआप उतरते. मुळी पिऊनही ती माणसं बरी झाली."

जनीबायने सूप ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले. ते सकाळीच निवडून झाले होते.

तेवढ्यात खालच्या वाडीतली निशिगंधा नवऱ्याला रिक्षातून घेऊन आली. विनोद मुंबईला कामाला होता. डोळे हळदीसारखे, पाय सुजलेले, पोट पुढे आलेलं. दोघं अंगणात उभी राहिली. औषध तोंडाने मागायचं नाही, अशी रीत होती. जनीबायने रोग्याकडे बघायचं आणि मुळी आणायला उठायचं. ती उठली की रोगी बरा झाला, अशी गावाची खात्री. आजवर ती उठली नाही, असं झालं नव्हतं.

"ह्यांना आजच्या आज सिव्हिलला न्या," दर्शना म्हणाली. "हे साधं नाही."

निशिगंधाने तिच्याकडे पाहुणीकडे बघावं तसं बघितलं आणि पुन्हा जनीबायकडे डोळे लावले.

जनीबाय बसल्या जागेवरूनच म्हणाली, "काय रे विनोद, दारू पितोस?"

"कधीमधी, काकी."

"तुझे डोळे रोज म्हणतायत." तिने सूप बाजूला ठेवलं. "तुझ्यासाठी माझ्याकडे औषध नाय. रिक्षा सोडू नको. रत्नागिरीला जा."

"काकी, उठा ना," निशिगंधाचा आवाज बारीक झाला. "जरा तरी द्या."

"मी उठले तर तू इथंच थांबशील गो. म्हणून बसलेय. जा."

रिक्षा वळून दिसेनाशी झाली. उद्या गावभर होणार होतं, जनीबायच्या हाताचा गुण गेला. गेला तर गेला.

"बरं केलंस, आये," दर्शना म्हणाली.

"तुला हे कळलं कधी?"

"पौषातच. पण खात्री करायची होती. परत परत करून बघितलं."

जनीबायने लेकीकडे नीट बघितलं.

"पौषापासून मी दर रविवारी पाजतेय, आणि तू खात्री करत बसलीस. एक फोन करून 'आये, थांब जरा' म्हणायला कुठली बशी लागत होती? चोरी मी तुला माफ केली, दर्शना. गप्प राहिलीस, ते नाय करणार."