कोर्नादोरोचा अकरावा बोकड

मी एक जुनं पिस्तूल आहे. मित्रांनो, नाव ऐकून मागे सरकू नका. माझ्या नळीतून आजवर दोनच गोळ्या सुटल्या आणि त्या दोन्ही परीक्षेच्या. माणूस तर सोडाच, माझ्यामुळे कधी चिमणीही उडाली नाही. पण माझ्या अंगावरच्या एका बोकडापायी एका म्हाताऱ्याला चारचौघांत खोटारडा ठरवलं गेलं. ती हकिगत सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म इटलीत, ब्रेशियाच्या वरच्या खोऱ्यात, कोर्नादोरोच्या कारखान्यात झाला. आमच्या खोऱ्यात घरटी एक माणूस तरी नळ्या घासतो, नाहीतर पोलादावर पानंफुलं कोरतो. कारखान्याला शंभर वर्षं पुरी होणार होती, म्हणून मालकांनी मोजून दीडशे पिस्तुलं काढायचं ठरवलं. वर एक नाही, खाली एक नाही. प्रत्येकावर नंबर आणि प्रत्येकावर कारखान्याचं चिन्ह, हाताने कोरलेलं. चिन्ह म्हणजे गोल कड्यात उभा असलेला डोंगरी बोकड, पुढचा एक पाय उचललेला.

कोरायचं काम ओरेस्ते गित्तींकडे आलं. हा माणूस कामाला बसला की त्याच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती. बोकडाच्या दाढीचे केस ते एकेक करून कोरत. माझा नंबर अकरावा. माझ्यावरचा बोकड पुरा झाला तेव्हा त्यांनी फुंकर मारून कीस उडवला आणि म्हणाले, "हं. हा डोंगर चढेल." एवढं कौतुक त्यांनी स्वतःच्या मुलीचंही केलं नसेल.

एरवी आधी परीक्षा आणि मग कोरीव काम, अशी रीत. त्या वर्षी घाई होती, म्हणून मी कोरून झाल्यावर सरकारी परीक्षाघरात गेलो. तिथे नळी टिकते का बघायला दुप्पट जोराच्या दोन गोळ्या माझ्यातून झाडल्या. मी फुटलो नाही. मग त्यांनी माझ्यावर शिक्का मारला आणि शेजारी त्या वर्षाची खूण म्हणून दोन अक्षरं ठोकली.

मी तिकडे असतानाच मालकांचा मुलगा मिलानहून नवं चिन्ह घेऊन आला. बोकड म्हणे गावंढळ दिसतो. आता नुसती दोन शिंगं, तीही रेघांची, भोवती कडंही नाही. आधीच्या दहा पिस्तुलांवरचे बोकड घासून तिथे शिंगं कोरायचा हुकूम सुटला, आणि तसं झालंही. मी परत आलो तेव्हा ओरेस्ते माझ्यासमोर हात आडवा घालून उभे राहिले.

"हा परीक्षा देऊन आलाय. याच्या अंगाला कानस लागणार नाही."

"मग घेऊन जा घरी तुझा बोकड," मालकांचा मुलगा म्हणाला.

ओरेस्तेंनी खरंच मला विकत घेतलं. कागदावर माझा नंबर आला, बोकडाचा उल्लेख कुणी केला नाही. पुढची तीस वर्षं मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून कुलपात पडून होतो. वर्षातून एकदा ओरेस्ते मला पुसत आणि पुन्हा झाकून ठेवत. खरं सांगतो, मला फार एकटं वाटायचं.

दरम्यान आमच्या दीडशे भावंडांना भाव चढला. लोक आम्हाला जमवू लागले. ब्रेशियाचे फाउस्तो बर्ताझोली हे त्यातले मोठे जाणकार, सगळे त्यांना मानाने दोत्तोरे, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत. त्यांनी मलाही एकदा घाईत बघून घेतलं आणि आमच्यावर पुस्तक काढलं. आमच्यातलं कोणतं अस्सल आणि कोणतं बनावट, हे सगळे त्यात बघून ठरवत. त्यात माझ्या नंबरापुढे छापून आलं: 'बनावट. मूळ शिंगं घासून कारागिराने घरी मागाहून बोकड कोरलेला.'

कारागीर कोण, हे खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ओरेस्ते पत्ते खेळायला बसले की मित्र चिडवत, "काय ओरेस्ते, पत्ते तरी खरे वाटतोयस ना?" ते थट्टेने म्हणत, पण ओरेस्तेंनी तिथे जाणंच सोडलं. जेवताना मक्याची पोलेंताही ताटात थंड होऊन जायची.

त्यांची मुलगी लोरेदाना हे बघत होती. ती कारखान्यात पोलादाला पॉलिश करायची, आणि हट्टाला बापाच्या वर एक पाऊल. पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला जाणार असं कळताच ती म्हणाली, "बाबा, कोट घाला. ती ओळ खोडूनच परत यायचं."

ब्रेशियाच्या सभागृहात जमवणाऱ्यांचा मेळा भरला होता. लोरेदानाने परवान्याचे कागद दाखवले आणि मला थेट दोत्तोरेंच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, आज नको. केवढी गर्दी आहे."

"गर्दी आहे म्हणूनच आलेय."

ओरेस्तेंना राहवलं नाही. त्यांनी कोऱ्या पोलादाची पट्टी मागितली, खिशातून छिन्नी काढली आणि तिथेच बसले. वय एक्याऐंशी. पण छिन्नीची एकही रेघ चुकली नाही. तासाभरात पट्टीवर बोकड उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनात टाळी वाजवली.

दोत्तोरेंनी भिंगाखाली दोन्ही बोकड बघितले. "हुबेहूब. हात तोच आहे, उस्ताद." मग ते हळू आवाजात म्हणाले, "पण मी तरी दुसरं काय लिहिलंय? तुम्ही हा तीस वर्षांपूर्वी काढू शकत होतात, तसा परवाही."

अरेरे! बिचाऱ्याने भर सभेत स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. ओरेस्ते कोटाची बटणं लावू लागले. "चल, लोरे."

"मी हलणार नाही," ती म्हणाली. "भिंग द्या इकडे."

तिने मला उजेडाकडे धरलं आणि तसूतसू तपासायला लागली. मागे रांग लागली, लोक कुरकुरले. ती ढिम्म. मग एकदम तिचं बोट माझ्या बोकडाच्या कड्याखाली थांबलं. परीक्षाघराचा शिक्का तिथे कड्यावर किंचित चढला होता.

"दोत्तोरे, ही कड्याची रेघ बघा. शिक्क्याच्या आत ती चेपलीय. बोकड मागाहून कोरला असता तर रेघ शिक्क्याला चिरून गेली असती ना?"

दोत्तोरेंनी बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. शेजारची वर्षाची दोन अक्षरं त्यांनी ओठातल्या ओठात वाचली. "म्हणजे हे परीक्षेला गेलं तेव्हाच बोकड अंगावर होता," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"बाबा, तुम्हाला हे कधीच दिसलं नाही?"

"तो शिक्क्याचा पोचा मला आवडत नव्हता," ओरेस्ते पुटपुटले. "चांगल्या कामाचा विचका केलाय परीक्षाघरवाल्यांनी. मी तिथे बघायचोच नाही."

"नव्या आवृत्तीत दुरुस्त करतो," दोत्तोरे म्हणाले.

"आत्ता करा. आणि मोठ्यानं वाचा."

दोत्तोरेंनी ती ओळ खोडली, वर नवी लिहिली आणि उभं राहून वाचली, "नंबर अकरा. अस्सल. बोकड कोरणारे, ओरेस्ते गित्ती."

"पुन्हा. मागच्या टेबलांना ऐकू गेलं नाही."

त्यांनी पुन्हा वाचली.

मित्रांनो, चिन्हं बदलतात, मालक बदलतात, त्याला इलाज नाही. माझं मागणं इतकंच आहे. जुन्या वस्तूवरची खूण घासून चकचकीत करू नका, तिच्यावरचा पोचाही राहू द्या. आणि कुणाच्या हाताला खोटं म्हणायच्या आधी भिंग घेऊन नीट बघा. वेळ लागला तर लागू द्या. मागे रांग कुरकुरली तरी जागचं हलू नका.

दोत्तोरे खाली बसणार, तेवढ्यात ओरेस्तेंनी त्यांचा कोपर धरला. म्हाताऱ्याचे डोळे वाहत होते, पण पकड सैल नव्हती.

"आता आमच्या गावात चला," ते म्हणाले, "आणि पत्त्यांच्या टेबलाशी उभे राहून वाचा."