हेडफोनची डावी बाजू

पहिला हेडफोन मी परत धाडला, तवा घरात कुणी हूं का चूं केलं न्हाई. बायकोनं न्हाई, पोरीनं न्हाई. तिथंच मला शक यायला पाहिजे होता. पण त्या टायमाला माझा सगळा राग कंपनीवर होता.

हेडफोन मागवला सृष्टीनं. सृष्टी माझी पोरगी, कॉलेजच्या दुसऱ्या सालाला हाय. दिसभर अभ्यास, आन् मधीच मैत्रिणींसंगं ती मोबाइलवरची बंदुकांची गेम. मला म्हणली, "पप्पा, ह्याच्यात आवाज चारी बाजूंनी येतो. मागून कुणी आलं तर मागूनच ऐकू येतं." मी म्हणलो, चारी बाजूंनी? कान दोन आन् बाजू चार, म्हंजी कुठंतरी पाणी मुरायलंय. आण हिकडं, आधी मी बघतो. आमच्या घरात कुकर आला तरी पहिली शिट्टी मी घेतो. डोक्याला लावला, तर उजवीकडं धडाधड आन् डावीकडं मसणशांतता. लांब कुणी गोधडीत तोंड घालून बोलल्यागत थोडंसं काहीतरी, बस. पुण्या-मुंबईला कोरा माल द्यायचा आन् पत्त्यात परभणी जिल्हा दिसला की कुणीतरी वापरून टाकलेला खोक्यात भरायचा, दुसरं काय! कुरिअरवाल्या सिद्धोधनला बोलवून घेतलं, चार गोष्टी सुनावल्या आन् खोका त्याच्या हातात दिला. त्यो "बरं काका" म्हणला आन् गेला. त्याच्या त्या "बरं"वर सुद्धा माझा भरोसा नव्हता.

दुसरा हेडफोन आला रविवारी सकाळी. आन् त्या रविवारी माझं डोकं मुळातच ठिकाणावर नव्हतं. कामून, ते सांगतो.

मी व्यंकटराव. सेलूच्या एका जिनिंगमधी फिटर हाय, एकतीस सीझन झाले. कापूस येतो, मशीन त्यातली रुई आन् सरकी वेगळी करते. अशा चोवीस मशीन, दोन रांगांत. मशीन बिघडायच्या आधी बोलते, आन् ते ऐकायचं काम माझं. लांब पेचकस, म्हंजी स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगवर टेकवायचं आन् मूठ कानाला लावायची. बेअरिंग धड असलं तर एकसारखी घरघर. जायला लागलं तर त्यात बारीक कर्रकर्र. शेठ आल्या-गेल्याला सांगायचे, "आमच्या व्यंकटरावांचा कान म्हंजी डॉक्टरची नळी." ते ऐकून माझी छाती अशी फुगायची.

धम्मपाल तिथंच ऑइलमन. मशीनला तेल-ग्रीस घालायचं त्याचं काम. चाळिशीचा माणूस, अकरा सीझन झाले त्याला. बायको कमलबाई तिथंच कापूस पसरवायला असते, दोन लेकरं शाळेत. मंगळवारी त्यो मला म्हणला, "मामा, सात नंबर कर्रकर्र करायलंय. एकदा खोलून बघा." मी पेचकस लावला. कसलं कर्रकर्र आन् कसलं काय. मी म्हणलो, "काही न्हाई त्याला. गुमान तेल घाल." गुरुवारी दुपारी सात नंबरचं बेअरिंग जाम झालं, धूर निघाला आन् रुईनं पेट घेतला. कापसातली आग म्हंजी खेळ न्हाई. वाळू, बादल्या, पाइप, सगळी जिनिंग धावली. अर्ध्या तासात विझली, कुणाला इजा झाली न्हाई, एवढंच नशीब.

मी शेठला सांगितलं, धम्मपालनं तेल घातलं न्हाई. आन् वरून हेबी सांगितलं, की मला ऐकू आलं न्हाई ते ह्याला दोन दिस आधी कसं कळलं? ज्याला आधीच कळतं त्यानंच काहीतरी केलेलं असतं. धम्मपाल हात जोडून म्हणत होता, "मामा, मी तुमाला सांगितलं होतं की." पण एकतीस सीझनपुढं त्याचं कोण ऐकतं! शेठनं त्याला घरी बसवलं. मला म्हणले, "व्यंकटराव, सोमवारी सकाळी तुमचा शेवटचा शब्द द्या. तुमी म्हणलात तर कायमचा काढतो. पण नीट इचार करा. आग लावणारा म्हणून नाव झालं, की सेलूतली एकबी जिनिंग त्याला दारात उभं करणार न्हाई."

इचार कसला करायचा? शब्द माझ्याजवळ तयार होता.

तर रविवार. खोक्याची चिकटपट्टी मी उन्हात धरून बघितली, कुणी आधी उचकटली का म्हणून. कोरी दिसली. तरी म्हणलो, आजकाल चिकटपट्टीबी दोनदा लावता येती. सृष्टीनं हेडफोन मोबाइलला जोडला, माझ्या डोक्यावर बसवला आन् गेम लावून दिली. म्हणली, "पप्पा, पावलांचा आवाज ऐका. जिकडून येईल तिकडं वळा आन् गोळी मारा."

उजवीकडून एक आला. खडखड बूट वाजले, मी वळलो आन् पाडला त्याला. लय बरं वाटलं. मग एकदम अंधार. मी मेलो! "डावीकडून आला होता," सृष्टी म्हणली. पुन्हा लावली. पुन्हा उजवीकडचा पाडला, पुन्हा डावीकडून कुणीतरी येऊन मला ठोकलं. तिसऱ्यांदा मी नुसता डावीकडं ध्यान देऊन बसलो. पाऊल न्हाई, सूं न्हाई. आन् ठो! पुन्हा मेलो.

"ही गेमबी त्यांना सामील हाय," मी म्हणलो. "हाबी हेडफोन मेलेलाच. बोलव त्या सिद्धोधनला."

"पप्पा, गाणं लावून बघू," सृष्टी हळूच म्हणली. तिनं एक लावणी लावली. बाई गायलीय, पेटी वाजायलीय, घुंगरू वाजायलेत, पण ठेकाच न्हाई.

"ढोलकी कुठाय?" मी इचारलं.

"वाजायलीय की."

"कुठं?"

"डावीकडं."

विजयमाला, आमची मंडळी, तिथंच मेथी निवडत बसली होती. ती खाली मान घालून म्हणली, "नाचता येईना अंगण वाकडं." आन् तिनं सृष्टीकडं बघितलं. सृष्टीनं तिच्याकडं बघितलं. ती नजर मी पकडली. हां! म्हणलो, घरातच कट शिजायलाय. ह्या दोघींना हेडफोन ठेवून घ्यायचाय, म्हणून ह्या खोटं बोलायल्यात. माझं टाळकं सरकलं.

"थांबा," मी म्हणलो. "फिटरला शिकवता का? दोन मिनिटात तुमची कंपनी उघडी पाडतो."

आमच्या धंद्यात एक नियम हाय. मशीन बिघडली आन् कोणता पार्ट गेलाय ते कळंना, तर त्यो पार्ट काढून शेजारच्या मशीनला लावायचा. खोट पार्टासंगं तिकडं गेली, तर पार्ट खराब. खोट जागेवरच राहिली, तर मशीन खराब. माणूस खोटं बोलंल, मालक बोलंल, बायको बोलंल, पण ह्या नियमानं मला एकतीस सीझनमधी कधी दगा दिला न्हाई. मी हेडफोन काढला, फिरवला आन् उलटा घातला. डावी बाजू उजव्या कानाला, उजवी डाव्याला.

उजव्या कानात ढोलकी कडाडली. अशी कडाडली की मी दचकलो. आन् बाई? पेटी? घुंगरं? सगळी गायब. डाव्या कानाला लावलेली चांगली बाजू मरून पडली होती.

मी पुन्हा सरळ घातला. पुन्हा उलटा. पुन्हा सरळ. पार्ट हिकडं नेला, तिकडं नेला, पण खोट जागची हलंना.

"पप्पा, पुरे आता," सृष्टी म्हणली. तिच्या डोळ्यात पाणी होतं.

"तुला म्हाइत होतं?"

"पहिला हेडफोनबी चांगलाच होता, पप्पा. मम्मीनं लावून बघितला, मी बघितला."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी म्हणला असता, कंपनीनं हिला फितवलं."

हे मी म्हणलोच असतो. विजयमाला उठली, माझ्या उजव्या अंगाला येऊन बसली आन् म्हणली, "आपलंच नाणं खोटं हाय, अहो. परभणीला कानाचा डॉक्टर हाय, दाखवून येऊ." मी हेडफोन खाली ठेवला.  खोटं कशाला बोलू, मला पहिला इचार माझाच आला. फिटरचा कान गेला, म्हंजी फिटर गेला. मन म्हणलं, घरातल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक हाय? गप बस. उद्या शेठला शब्द दे आन् मोकळा हो. एक ऑइलमन गेला तर दुसरा येतो.

पण दुसरं मन काही सोडंना. पेचकस मी नेहमी डाव्याच कानाला लावतो, कारण उजव्या हातात पाना असतो. मंगळवारी सात नंबरला डाव्याच कानानं ऐकलं होतं.

गाडीला किक मारली आन् धम्मपालच्या घरी गेलो. त्यो दारात खाटेची नवार ताणत बसला होता. मला बघून उठला न्हाई. कमलबाईनं पाण्याचा तांब्या आणून खाली ठेवला, हातात दिला न्हाई. धम्मपाल एवढा शांत कसा, असं तिथंबी माझ्या मनात आलं. ह्यानं आधीच शेठशी काही बोलून ठेवलंय का? माझी जित्याची खोड, दुसरं काय. मग तिथंच दगडावर बसलो आन् एका दमात सांगून टाकलं. हेडफोन, ढोलकी, कान, सगळं.

त्यानं नवार सोडली न्हाई. म्हणला, "मला म्हाइत हाय, मामा. दोन सीझन झाले."

"काय?"

"तुमचं ऐकून झालं की मी मागून पुन्हा ऐकायचो, चोवीसच्या चोवीस. जिथं वेगळं वाटलं तिथं तेल वाढवायचो. आन् मग तुमच्याजवळ येऊन म्हणायचो, मामा, हे एकदा खोलून बघा. गेल्या साली चार, औंदा दोन. तुमी खोलायचे आन् शेठ तुमची पाठ थोपटायचे. सात नंबर तेवढं तुमी खोललं न्हाई."

मला तोंड वर करायची लाज वाटली. तरी इचारलं, "मग माझ्या तोंडावर कामून सांगितलं न्हाईस, की तुमचा कान गेलाय?"

"काय म्हणला असता तुमी?"

माझी जागा घ्यायला टपलाय. हेच म्हणलो असतो, आन् शेठला सांगून त्याला दोन सीझन आधीच काढला असता. हे त्यालाबी म्हाइत होतं. 

कमलबाई दारात येऊन उभी राहिली. ती म्हणली, "तुमी इथं येऊन सांगितलं, बरं केलं. पण शाळेत पोरं माझ्या लेकराला म्हणायलीत, तुझ्या बापानं जिनिंग पेटवली. ते बंद व्हायला असं घरी येऊन सांगून काय उपेग?"

"उद्या शेठला सांगतो," मी म्हणलो.

"एकट्या शेठला न्हाई," धम्मपाल म्हणला. "मशीन बंद करून, सगळ्यांसमोर. आन् अजून एक. इथून पुढं मी हात वर केला, की मशीन थांबवायची. मला इचारायचं न्हाई, तुमी कान लावून बघायचा न्हाई. कबूल असंल तर येतो."

मी म्हणलो, "कबूल."

सोमवारी सकाळी चोवीस मशीन बंद केल्या. हमाल, बाया, मुकादम, शेठ, सगळे गोळा झाले. मी मधी उभा राहिलो. म्हणलो, सात नंबरचा आवाज धम्मपालला आला होता. मला आला न्हाई, कारण माझा डावा कान गेलाय. आग माझ्यामुळं लागली. ह्या माणसावर मी खोटा आळ घेतला. कमलबाई बायांच्या घोळक्यात उभी होती, तिनं पदरानं तोंड पुसलं. शेठनं सात नंबरकडं बघितलं. मग म्हणले, "धम्मपाल, कामाला लाग." आन् मला म्हणले, "तुमचं बघू, व्यंकटराव." ते "बघू" मी तवापासनं चघळत होतो.

अकराच्या सुमाराला मशीन पुऱ्या जोरात होत्या. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. आन् धम्मपालनं सोळा नंबरजवळ हात वर केला.

मी गेलो. उजवा कान तिकडं करून उभा राहिलो. घरघर, एकसारखी घरघर, दुसरं काहीच न्हाई. सगळी जिनिंग बघायली होती. शेठ ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्या मनात आलंच, खोटं कशाला सांगू. म्हणलं, हा आता सूड घ्यायलाय. आवाज-बिवाज काही न्हाई, चारचौघात मला नाचवायलाय. कान टेकवून एकदा खात्री करावी, असं लय वाटलं. धम्मपाल नुसता हात वर धरून उभा.

मी पुढं झालो आन् मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं.