माळावरची हजेरी

कुंभार पिंपळगावच्या पुढे, गाव दिसेनासं होतं तिथे, एक माळ आहे. त्यात काही पिकत नाही, गुरंही तिकडे फिरकत नाहीत. म्हणूनच तो मिशनच्या शांतवन पाळकांना महारोग्यांच्या वस्तीसाठी मिळाला, आणि कोणी हरकत घेतली नाही. सदुसष्ट साली पाळकांनी तिथे पत्र्याच्या दोन लांबट खोल्या उभ्या केल्या, विहीर खणली, आणि विहिरीला पाणी लागलं. पाणी लागल्यावर मात्र माळ आपल्या आजोबांचा होता, हे गावातल्या दोघांना एकाच दिवशी आठवलं. पण महारोग्यांनी शेंदलेल्या पाण्याला हात कोणी लावायचा, यावर त्यांचं एकमत होईना. हक्क तसाच राहून गेला.

वस्तीत बावीस माणसं होती. पहिला आला तो आष्टीचा राधाकिसन. बोटं झडायला लागल्यावर भावांनी त्याला घराबाहेर काढलं आणि त्याचं तेरावं घातलं. तो जिवंत आहे, ही अडचण कोणाला वाटली नाही.

"जेवण बरं झाल्तं," राधाकिसन सांगायचा. "मला बी वाढलं. लांबून."

त्याच्या मागून केदारखेड्याची आसराबाई आली. तिच्या नवऱ्याने दुसरी केली आणि दुसरीचं नावही आसराबाईच ठेवलं. घरातल्या सगळ्या भांड्यांवर ते नाव आधीच घातलेलं होतं. भांडी कशाला वाया घालवायची? तेव्हा या आसराबाईला माळावर यायच्या आधीच स्वतःचं नाव सोडून यावं लागलं होतं.

दर रविवारी सकाळी पाळक उपासना घेत. नऊ वर्षांत बाप्तिस्मा चौघांनी घेतला. बाकीचे आपापले देव धरून होते. राधाकिसनच्या उशाखाली खंडोबाचा टाक होता. पाळकांना ते माहीत होतं, आणि पाळकांना माहीत आहे हे राधाकिसनला माहीत होतं. प्रवचनात बरेच जण डोळे मिटून बसत. ते भक्तीने की झोपेने, याची चौकशी पाळकांनी कधी केली नाही. पण शेवटच्या प्रार्थनेत ते एकेकाचं नाव घेत. निजामाच्या अमलातल्या कागदांवर असायची तशी पुरी नावं:

"राधाकिसन पिता आबाराव, मौजे आष्टी."

"आमेन," राधाकिसन म्हणे.

"आसराबाई भ्रतार साहेबराव, मौजे केदारखेडा."

"आमेन."

तेवढ्या वेळात बावीसही जण जागे असत. गावाने ज्यांना जिवंतपणी पोचवलं, त्यांची नावं आठवड्यातून एकदा तरी देवासमोर मोठ्याने घेतली गेली पाहिजेत, असं पाळकांचं मत होतं. वस्ती काढली ती त्यासाठीच, खोल्या आणि औषधं नंतर सुचली, असंही ते म्हणत.

शहात्तर साली त्यांच्या गळ्याला कर्करोग झाला. औरंगाबादच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि सहा महिने सांगितले. पाळक माळावर परत आले ते गळ्यातल्या भोकावर पांढरा रुमाल बांधून आणि हातात पाटी-पेन्सिल घेऊन.

त्यांचे एकुलते एक मित्र म्हणजे गावच्या शाळेतले भिवा गुरुजी. गुरुजींनी छप्पन साली बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परतीच्या गाडीत बापाला शब्द दिला होता, की यापुढे कोणत्याही देवापुढे हात जोडणार नाही आणि प्रार्थना म्हणणार नाही. बाप वारला, शब्द तसाच होता. तरी दर शनिवारी संध्याकाळी ते माळावर जात आणि देव आहे की नाही यावर पाळकांशी भांडत. निकाल कधी लागला नाही. चहा मात्र दर वेळी झाला.

पाळकांनी पाटीवर लिहिलं, "प्रवचन मी लिहून देतो. तू वाच."

"वाचीन की," गुरुजी म्हणाले. "पटत न्हाई असं पुष्कळ मी शाळेतबी वाचून दाखवतो."

पहिल्या रविवारी गुरुजींनी खणखणीत आवाजात वाचलं. "देव तुम्हाला विसरलेला नाही, असं पाळकसाहेबांचं म्हणणं आहे. तो तुमच्यात फरक करत नाही, असंही पाळकसाहेबांचं म्हणणं आहे." इतक्या सावधपणे वाचलेलं प्रवचन त्या माळाने आधी ऐकलं नव्हतं. एकही जण झोपला नाही. प्रवचन संपलं, गुरुजींनी कागदाची घडी केली. कोणी उठेना.

"झालं," गुरुजी म्हणाले.

"आमची नावं?" आसराबाईने विचारलं.

"ती प्रार्थना असती, बाई. ते पाळकसाहेबांचं काम. मी प्रार्थना करत न्हाई."

"बरं," आसराबाई म्हणाली, आणि बसून राहिली.

बावीस जण बसून राहिले. भाकरी गार झाल्या. पाळक कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी दोनदा उठून तोंड उघडलं आणि दोनदा खाली बसले. सूर्य डोक्यावर आला तेव्हा राधाकिसन उठला. "चला. आज आपण न्हाईत," म्हणाला, आणि जेवायला गेला.

ते वाक्य गुरुजींना आठवडाभर पुरलं. शनिवारी माळाकडे निघाले तेव्हा गावातल्या बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्या कडूबांनी ओट्यावरूनच हटकलं. गुरुजींचे वडील नागपूरला गेले ते याच कडूबांच्या सोबतीने.

"गुरुजी, बाप्तिस्मा कवा हाये? आहेर काय आणावा?"

"कडूबा, मी फक्त वाचून दाखवतो."

"वाचताना तोंड तुमचंच असतंय ना? बापाला काय सांगून आल्ता, ध्यान हाये का?"

"बराबर ध्यान हाये," गुरुजी म्हणाले आणि पुढे चालू लागले.

माळावर पाळक पाटी घेऊन वाटच बघत होते. त्यांनी लिहिलं, "मी गेल्यावर नावं कोण घेणार?"

"मी घेतो. पण प्रार्थना म्हणून न्हाई. मास्तर हाये, हजेरी घेईन."

पाळकांनी रागाने खसाखसा लिहिलं, "हजेरी मास्तर घेतो. प्रार्थना देव ऐकतो."

"देव असला तर त्याला हजेरीबी ऐकू येईल. तो बहिरा हाये, असं तर तुम्ही कवा म्हणला न्हाईत."

पाळक हसले. आवाज नव्हता, गळ्यावरचा रुमाल तेवढा फडफडला. मग त्यांनी लिहिलं, "शेवटी आमेन म्हण. एकच शब्द."

"मी बी बापाला एकच दिल्ता."

पाळकांनी पाटी पुसली. पुसताना फार वेळ लावला. गुरुजींना ते बघवेना, म्हणून त्यांनी विषय काढला, "बावीस नावं घेता. तुमचं सोताचं कवाच घेतलं न्हाई, ते का?"

"बाप माहीत नाही. गाव माहीत नाही," पाळकांनी लिहिलं. "मिशनच्या दारात सापडलो. अर्ध्या नावाने हाक कशी मारायची?"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हजेरीपट आणला. ठळक अक्षरात बावीस नावं, पुढे पित्याचा किंवा भ्रताराचा रकाना, पुढे गावाचा. प्रवचन वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"नाव घेतलं की हजर म्हणायचं. राधाकिसन पिता आबाराव, मौजे आष्टी."

"हजर जी!" राधाकिसन जन्मात शाळेत गेला नव्हता. तो उठूनच उभा राहिला.

"आसराबाई भ्रतार साहेबराव, मौजे केदारखेडा."

"आमेन."

"बाई, हजर म्हणा."

"गुरुजी, तुम्ही हाक मारा. मी कोणाला ओ द्यायची, ते माझं मी बघते."

गुरुजींनी उचललेलं पेन तसंच राहिलं. नियमात कुठे अडतं का, ते त्यांनी मनाशी तपासून पाहिलं. अडत नव्हतं. त्यांनी रकान्यात खूण केली.

"मंग माझं बी आमेन लावा," राधाकिसन म्हणाला.

"एकदा लागलेली हजेरी बदलता येत न्हाई. पुढच्या रविवारी."

बाकीच्या वीस जणांनी आमेन म्हटलं. हजेरी गुरुजींनी घेतली, प्रार्थना माळाने केली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाळक तोंडावर हात धरून बसून राहिले.

कडूबा खात्री करून घ्यायला एका रविवारी आले. विहिरीपाशी उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं. संध्याकाळी ओट्यावर म्हणाले, "हजेरीच हाये. बिलकुल. आपला माणूस हात जोडत न्हाई की डोळे मिटत न्हाई." थोड्या वेळाने कोणी न विचारताच म्हणाले, "त्या लोकांची नावं मात्र लई खणखणीत घेतो."

दिवाळीनंतर पाळकांना खुर्चीत बसवेना. मार्गशीर्षातल्या एका रविवारी चौघांनी त्यांना बाजेवरून उपासनेला आणलं. त्या दिवशी प्रवचन नव्हतं. लिहायची ताकद राहिली नव्हती. गुरुजींनी सरळ हजेरीपट उघडला. बावीस नावं झाली, बावीस आमेन झाले. गुरुजींनी पट मिटला नाही.

"शांतवन," त्यांनी वाचलं. "पिता..."

तेविसाव्या ओळीत आदल्या दिवशीच त्यांनी नाव लिहिलं होतं. पुढचे दोन रकाने कोरे होते. काहीतरी सुचेल अशा भरवशावर ते आले होते, आणि सुचत नव्हतं.

"का थांबले?" आसराबाईने विचारलं.

"यांच्या बापाचं नाव माहीत न्हाई, बाई."

"माहीत न्हाई कसं? नऊ वर्सं झाली, दर रविवारी वर तोंड करून बापा, बापा म्हणून हाका मारून राह्यले. आम्ही काय बहिरे हाओत?"

शाळेत नाव घालताना पालक सांगतील ते लिहून घ्यायचं असतं. मास्तरने त्याचा तपास करायचा नसतो. अर्ध्या गावाच्या जन्मतारखा गुरुजींनी अशाच लिहून घेतल्या होत्या.

"तुम्ही पालक म्हणून सांगता का?"

"सांगते. लिहा. अंगठा देते, अजून एक शिल्लक हाये."

गुरुजींनी लिहिलं आणि लिहिलेलं वाचलं. "शांतवन पिता देव." सवयीने त्यांनी पुढे जोडलं, "असं आसराबाईंचं म्हणणं आहे. मौजे?"

"हाच माळ की," राधाकिसन म्हणाला. "दुसरं कोणतं गाव हाये त्यांना?"

गुरुजींनी तेही लिहिलं. मग पहिल्यापासून, पुरं, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात वाचलं. "शांतवन पिता देव, मौजे माळ."

बाजेवर हात चाचपडला. राधाकिसनने पाटी दिली, पेन्सिल बोटांत धरवली आणि आपल्या खुंटलेल्या हाताने पाटीला टेकू दिला. पहिलीतल्या पोराचं असतं तसं अक्षर उमटलं. आमेन लिहितील, असं सगळ्यांना वाटलं होतं. पाळकांनी लिहिलं, "हजर."

गुरुजींनी खूण केली. चष्मा आधीच पुसलेला होता, तो पुन्हा पुसला.

बुधवारी पाळक गेले. जालन्याहून दुसरे पाळक आले आणि त्यांनी विहिरीपलीकडे विधी केला. खड्डा खणायला कडूबा सकाळीच पहार घेऊन आले होते. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी हात जोडले. गुरुजी हात सरळ सोडून, मान खाली घालून उभे राहिले.

पुढच्या रविवारी त्यांनी तेवीस नावं घेतली. शेवटच्या नावाला, वर्गात थांबतात तेवढा वेळ थांबले. ओ आली नाही. त्यांनी रकाना कोरा ठेवला आणि पट मिटला.

पट भरला की गुरुजी नवा करतात. दर वेळी आसराबाईला विचारतात, कारण नाव कमी करायचं तर पालकाचं म्हणणं घ्यावं लागतं.

"बाई, शेवटचं कमी करायचं का?"

"ऱ्हाऊ द्या," आसराबाई म्हणते. "तुम्ही हाक मारत जा."